गहू कधी भिजत घालायचा

होळी उलटली, दारातला निंब कोवळ्या पानांनी भरला, की आमच्या अमळनेरच्या गल्लीत बायकांच्या तोंडी एकच विषय असायचा: गहू भिजत घालायचा का? ऐकायला प्रश्न चुलीजवळचा, पण खरा होता तो हवामानाचा. कुरडईचा गहू सोमवारी भिजत घातला, तर रोज पाणी बदलून तो गुरुवारी वाटायला येतो. वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळायला ठेवायचा. शुक्रवारी पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत साच्यातून कुरडया घालून मोकळं व्हायचं. शनिवार-रविवार कडक ऊन हवं. म्हणजे सोमवारी सकाळी गव्हावर पाणी ओतणाऱ्या बाईला पुढच्या रविवारपर्यंतचं आभाळ माहीत असायला हवं. ते चुकून शुक्रवारी ढग आले, तर कुरडई चिकट राहते, आंबूस वास मारते, तांबूस पडते आणि वर्षभर तळताना फुलत नाही. पाहुण्यांच्या ताटात दर वेळी लाज काढते.

हवामानाचा साप्ताहिक अंदाज म्हणून जो प्रकार आता मोबाइलवर दिसतो, त्याची खान्देशातली पहिली गिऱ्हाइकं या बायका होत्या, असं माझं मत आहे. त्यांना अंदाज देणारं मात्र बराच काळ कुणी नव्हतं.

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होता. जमिनीत पक्का बसवलेला, वर गोल नरसाळं, आत बाटली. पावसाळ्यात सकाळी साडेआठच्या ठोक्याला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून आकडा रजिस्टरात चढायचा आणि जिल्ह्याला कळवला जायचा. ते रजिस्टर मी लहानपणी चाळलेलं आहे. जून ते सप्टेंबर पानं आकड्यांनी भरलेली. मार्च, एप्रिल, मेच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच शब्द, सुंदर वळणदार अक्षरात: निरंक. सरकारच्या लेखी उन्हाळ्यात काही घडतच नव्हतं. त्याच महिन्यांत आमच्या घराच्या धाब्यावर वर्षातली सगळ्यात मोठी घालमेल चालू असायची.

वडिलांचा यात दोष नव्हता. हवामान खातं जन्माला आलं तेच पावसासाठी आणि वादळासाठी. १८६४ साली कलकत्त्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला. १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. मग १८७५ साली इंग्रज सरकारने हवामानाचं खातं उभं केलं आणि हेन्री ब्लॅनफोर्ड यांना त्याचं प्रमुख नेमलं. सरकारची नजर महसुलावर. पाऊस चुकला की सारा चुकतो, सारा चुकला की तिजोरी रिकामी. हिमालयात बर्फ किती साचला यावरून पुढच्या मान्सूनचा अंदाज बांधायची युक्ती ब्लॅनफोर्डनी काढली आणि ४ जून १८८६ पासून मान्सूनचे अधिकृत अंदाज निघू लागले. खान्देश जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८० सालचं. त्यात दुष्काळ आहेत, पूर आहेत. १८७२च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणा फुगून धुळ्यात शेकडो घरं वाहून गेली, तेही आहे. चैत्रातल्या एका ढगाळ शुक्रवारी किती घरांचा चीक वाया गेला, हे लिहून ठेवावं असं कोणत्या कलेक्टरला वाटणार?

या मोठ्या अंदाजाचा खान्देशाला आलेला अनुभव काही चांगला नाही. १८९९ साली ब्लॅनफोर्डनंतरचे प्रमुख जॉन इलियट यांनी पाऊस सरासरीहून जास्त पडेल असं सांगितलं. पडला तो दुष्काळ. विक्रम संवत १९५६, म्हणून लोकांनी त्याला छपन्न्या म्हटलं. आमच्याकडे, गुजरातेत, राजस्थानात तो याच नावाने ओळखला जातो. आमच्या आजीचा जन्म त्याच्या बऱ्याच नंतरचा, तरी ताटात भाकरीचा तुकडा टाकलेला दिसला की ती ‘छपन्न्या पाह्यला नही तुम्ही’ असं ऐकवायची, जणू स्वतः पाहिला होता. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. गणिताचे माणूस. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडून त्यांनी दूरच्या समुद्रांवरच्या हवेचं आणि आपल्या पावसाचं नातं शोधलं, त्यावर आजचं शास्त्र उभं आहे. खात्याचं मुख्यालय शिमल्याहून १९२८ साली पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. पुण्याहून अमळनेर जवळ आलं, पण उन्हाळ्याचा आठवडा होता तिथेच राहिला.

आता धाब्यावर चला.

खान्देशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या आणि दांड्या, त्यावर काटक्या-पाला आणि त्यावर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. सपाट. वैशाखात या धाब्यावर नवी माती टाकून ते पावसासाठी तयार करतात. त्याआधीचे दोन महिने ते वाळवणाचं. खाटा उभ्या-आडव्या टाकून त्यावर ओली धोतरं, जुनी लुगडी पसरायची आणि त्यांवर बिबड्या, कुरडया, पापड, ज्वारीच्या चिकन्या, सांडगे. बिबडीचं काम कुरडईपेक्षा दांडगं. ज्वारी भिजवून, आंबवून, भरडून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. त्यात तीळ, लसूण, मिरची, जिरं. घाटा ढवळायला दोन बाया लागतात आणि दोघींचे हात पोळतात. मग तो गरम असतानाच ओल्या कापडावर पाण्याच्या हाताने थापायचा. आम्ही पोरं वाटीत घाटा आणि त्यावर कच्चं तेल घेऊन जिन्यात बसायचो. त्या वासाने अजूनही भूक लागते. संध्याकाळी कापड उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं की बिबड्या अलगद सुटतात. मग दुसरी बाजू उन्हाला.

गल्लीतला हवामानाचा शेवटचा शब्द जिजींचा. जिजी म्हणजे शेजारच्या वयस्कर बाई, कुणाच्याच सख्ख्या नव्हेत. गहू भिजवायच्या आदल्या रात्री त्या धाब्यावर येऊन चंद्र बघायच्या. चंद्राला खळं पडलेलं असलं की खाली येताना पुकारायच्या, ‘आज गहू नको भिजाडू वं, आभाय शे.’ वर तर चांदणं लख्ख असायचं. पण उंचावर पातळ ढगांचा पडदा आला की चंद्राभोवती ते वर्तुळ दिसतं आणि त्या पडद्यामागून बऱ्याचदा खरे ढग येतात, हे शास्त्रालाही मान्य आहे. दुसरी परीक्षा मिठाची. खडे मिठाच्या बरणीत हात घालून चिमटीत मीठ चोळायचं. कोरडं खरखरीत लागलं तर ठीक. बोटाला ओल लागली की वाळवण लांबणीवर. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात पक्की, वाऱ्याची. चैत्रात दुपारचा वारा पश्चिमेकडून, तापीच्या खोऱ्यातून वर चढतो. भट्टीचं दार उघडावं तसा. तोपर्यंत निर्धास्त. पण दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वारं उगवतीकडून आलं आणि अंगाला चिकट घाम सुटला, की जिजी म्हणायच्या, वारं फिरलं.

वारं फिरणं म्हणजे काय ते मला भूगोल शिकवायला लागल्यावर नीट कळलं. खान्देश उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांमध्ये अडकलेला. समुद्र लांब, जमीन काळी, उन्हाळ्यात वारा वायव्येचा आणि कोरडा. म्हणून जळगाव-भुसावळचा पारा एप्रिलातच बेचाळीस-त्रेचाळीसवर जाऊन बसतो. अशात उत्तरेकडून एखादा पश्चिमी चक्रावात सरकला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आत आली, की कोरड्या हवेची आणि दमट हवेची गाठ आमच्या डोक्यावर पडते. मग ढग, वीज, वावधन म्हणजे वादळी वारा, आणि नशीब वाईट असेल तर गारा. २०१४च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, ती अशीच. खान्देशातला गहू, हरभरा तेव्हा उभाच्या उभा झोपला.

जिजींच्या मिठाची थट्टा करणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. वेधशाळेत हवेतली आर्द्रता मोजायला जे यंत्र वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्यात माणसाचे केस ताणून बसवलेले असतात. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि त्याला जोडलेली लेखणी कागदावर रेघ ओढते. तेव्हा मीठ चालत नाही आणि केस चालतो, असं कसं? टिटवीवर मात्र माझा विश्वास नाही. टिटवीने चार अंडी घातली म्हणजे चार महिने पाऊस, अंडी उंचवट्यावर घातली म्हणजे पूर. टिटवी एरवीही साधारण चारच अंडी घालते. बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, हेही लोक छातीठोकपणे सांगतात. आमच्या कॉलेजसमोरचा बहावा दर वर्षी वेगळ्या तारखेला फुलायचा आणि पाऊस आपल्या सोयीने यायचा.

अशा खुणांची आमच्याकडे चंगळ आहे, कारण खान्देश हा तीन मुलखांचा नाका. माळव्यातून, गुजरातेतून, देशावरून जे येईल ते इथे उतरतं. सहदेव-भाडळीच्या नावावरचे पावसाचे ठोकताळे मराठीत आहेत, तीच भडली गुजरातेत आहे, तीच भड्डरी उत्तरेत घाघाच्या जोडीला आहे. बाजारच्या दिवशी पंचांगांच्या ढिगात त्याची पातळ पुस्तकं मिळायची. १९७३ साली साळगावकरांचं कालनिर्णय आलं आणि नक्षत्रांची वाहनं भिंतीवर टांगली गेली. म्हैस, बेडूक, हत्ती असेल तर पाऊस, गाढव, कोल्हा असेल तर बोंब. पण हे सगळं मृगानंतरचं. पंचांगालाही सरकारसारखाच उन्हाळा निरंक.

अपवाद आखाजीचा. अक्षय्य तृतीया आमच्याकडे दिवाळीच्या तोलाची. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. बहिणाबाई चौधरींची आखाजीवर स्वतंत्र कविता आहे यात नवल नाही, आसोद्याची माहेरवाशीण ती. सालदाराचं वर्षही आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. मालकाने नवा सालदार ठरवायचा तो पुढच्या पावसाच्या भरवशावर, म्हणून या दिवशी पावसाचा कौल हवाच. पितरांच्या नावाने घागर भरतात, त्या घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवायची, जेठ, आषाढ, श्रावण, भादवा. पाझरून जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त.

याच चालीचं मोठं रूप आमच्या सीमेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला दिसतं. तालुका जळगाव जामोद. बाहेरचे लोक त्याची आणि आमच्या जळगावची गल्लत करतात आणि भेंडवळ खान्देशात आणून टाकतात. तिथे आखाजीच्या संध्याकाळी गावाबाहेर शेतात गोल घट आखतात, कडेने अठरा धान्यं मांडतात, मध्ये खड्डा, त्यात चार ढेकळं, वर घागर, घागरीवर पापड, सांडई, कुरडई, खाली विडा. रात्री तिथे कुणी थांबायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज काय हललं, काय विखुरलं ते बघून पीक, पाऊस, शत्रू, राजा सगळ्याचं भाकीत सांगतात. घराण्याचे मूळपुरुष चंद्रभान महाराज आणि प्रथा तीनशेहून अधिक वर्षांची, असं ते सांगतात. आमच्याकडचे शेतकरी गाड्या करून ऐकायला जातात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट येते. मुंगी, उंदीर, रात्रीचं वारं यांनी धान्य हलतं आणि त्यावरून देशाचा राजा ठरतो, हे मला पटत नाही. गंमत एवढीच वाटते, की तिथे आभाळाला विचारायच्या प्रश्नात कुरडईसुद्धा ठेवलेली आहे.

कुरडईला बायकांचं काम म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी नंदुरबारला जावं. हा जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्यातच होता. तिथल्या व्यापाऱ्यांच्या पथाऱ्यांवर गावाबाहेर एकरच्या एकर लाल मिरची पसरलेली असते. दोंडाईचालाही मिरचीचा मोठा बाजार. जवळून गेलं तरी शिंका थांबत नाहीत, आणि बायका दिवसभर उकिडव्या बसून देठ खुडत असतात. ओली मिरची उन्हात आकसून कडक व्हायला बरेच दिवस लागतात. त्यात एक अवकाळी सर आली की मिरची पांढरी पडते, बुरशी धरते, भाव अर्ध्यावर येतो. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: पुढचे सात-आठ दिवस आभाळ कसं? फरक एवढाच, की इथे बरणी लाखोंची.

आणि केळी. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, तापीच्या काठाचा सगळा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. केळी वाळत घालत नाहीत, पण उन्हाळ्यात ती वाळवण घालणाऱ्या बाईसारखीच आभाळाकडे डोळे लावून असते. गरम वाऱ्याने पानं फाटतात, घड काळवंडतो. म्हणून बागेच्या कडेने शेवरीची दाट रांग, नाहीतर हिरवी जाळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात वावधन आलं की घड लागलेली झाडं मुळासकट आडवी. नवतपा चालू असतो, हवा गच्च दाटलेली, आणि संध्याकाळी सातपुड्यावरून काळी भिंत चालून येते.

अंदाज यांच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते बघा. १९४५ साली रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचं पत्रक सुरू झालं. पुढे जळगावचं आकाशवाणी केंद्र आलं आणि गावोगाव ट्रान्झिस्टर. आमच्या घरी संध्याकाळच्या बातम्यांत ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द आले की माय रेडिओ बंद करायची. तुरळक ठिकाण म्हणजे आपलं धाबं की मालेगावचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. काही दिवस पुढचं बघायला मोठे संगणक लागतात. त्यासाठी दिल्लीत मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र १९८८ साली निघालं, १९८७च्या दुष्काळाच्या पाठोपाठ. आणि जिल्ह्याचं नाव घेऊन पाच दिवसांचा अंदाज मिळायला २००८ उजाडलं. ब्लॅनफोर्ड ते २००८, एकशे तेहतीस वर्षं. तोवर जिजी गेल्या, धाबी पाडून स्लॅब आले, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांत कुरडई विकतची येऊ लागली.

आता तर अंदाजांची रेलचेल आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ल्याचं पत्रक येतं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचं चित्र मांडतं. नकाशावर जिल्हा पिवळा, नारंगी, लाल होतो. परभणीकडचे पंजाबराव डख व्हिडिओत येऊन तारखा सांगतात आणि लोक ते खात्याआधी ऐकतात. महसूल मंडळात स्वयंचलित केंद्रं बसली आहेत. तिथे वाऱ्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरवर नोंदला गेला, तर केळीच्या विम्याला आधार मिळतो. त्यामुळे गावात भांडण असं की झाडं इथे पडली आणि वारा मोजला गेला चार कोसांवर. धुळ्यात पारा किती, हे वर्तमानपत्रं कृषी महाविद्यालयातल्या नोंदीवरून छापतात, आणि वाचणारा मोबाइलवरचा आकडा दाखवून म्हणतो, खोटं आहे. खोटं नसतं. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, फटींच्या लाकडी पेटीत सावलीत टांगलेला असतो, जमिनीपासून सव्वा मीटरवर. मोबाइलचा आकडा बऱ्याचदा संगणकाने बांधलेला अंदाज असतो, मोजलेला नसतो.

आमच्या कॉलनीतल्या बचत गटाच्या बायका चैत्र-वैशाखात कुरडया, बिबड्यांच्या ऑर्डरी घेतात, पुण्या-मुंबईच्या खान्देशी घरांसाठी. मंगळवारचं पत्रक वाचून मगच गहू भिजवतात. ते पत्रक मीही वाचते. केळीला पाणी किती, कांदा कधी काढावा, जनावरं दुपारी कुठे बांधावीत, कोंबड्यांना काय द्यावं, सगळ्यांची विचारपूस असते. मी पाहिलेल्या एकाही पत्रकात वाळवणाचं नाव नव्हतं. म्हणून एकदा सल्ला देणाऱ्या नंबरावर फोन लावला. पोरगा सभ्य होता. सगळं ऐकून घेतलं, गाव विचारलं, तालुका विचारला. मग म्हणाला, ‘मॅडम, पीक वाळवण लिहितो. क्षेत्र किती?’

मी म्हटलं, ‘चार खाटा.’